बाईंच्या यजमानांसाठी सांगितलेली मिस्सा

मी घरातला पहिला पदवीधर झालो तो शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंमुळे. बाई ख्रिस्ती. त्यांचे यजमान वारले, तेव्हा मी बऱ्हाणपुरातल्या कॅथलिक चर्चमध्ये त्यांच्या आत्म्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, सांगितली आणि बाईंना मेसेजने कळवलं. त्यांनी तो वाचला, पण उत्तर दिलं नाही.

बाईंना ओळखणाऱ्या माझ्या ख्रिस्ती सहकाऱ्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "अरे भाऊ, बाई प्रोटेस्टंट आहेत. त्यांच्यात मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत. तू तर श्राद्धच घालायला निघालास."

फोन करायची हिंमत होईना, म्हणून पत्र लिहिलं:

"बाई, कॅथलिक मित्राच्या आईच्या वेळी मिस्सा पाहिली होती. सगळ्या ख्रिस्ती घरांत तसंच करतात असं समजलो. मिस्सा रविवारी आहे. तुम्ही म्हणाल तर लगेच चर्चमध्ये जाऊन ती रद्द करायला सांगतो. फक्त माझ्याशी बोलणं सोडू नका."