खंडेनवमीची लेन्स

माणिक सबनीस यांनी सारी नोकरी लखनौच्या एका वनस्पती संशोधन संस्थेच्या छायाचित्रण विभागात केली. तिथे नवी वस्तू मागवली की ती येईपर्यंत प्रयोग संपलेला असे. म्हणून जुन्या फ्लॅशची तार, मोडक्या तिपाईचा पाय, फिल्म कॅमेऱ्याचे फिल्टर, सारे कुठेतरी बसवले जाई. बसत नसेल तर कानस लावायची. वस्तू सरकारी, म्हणजे कोणाचीच नाही. तेव्हा विचारायचे कोणाला? ही सवय त्यांच्याबरोबरच निवृत्त होऊन आलमबागच्या घरी आली.

त्यांचे सहकारी, शेवाळांचे अभ्यासक दिनकर देव वारले, तेव्हा वसुधाबाईंनी पतीची जुनी लेन्स माणिकरावांना दिली. "कपाटात बुरशी धरेल, भाऊजी. तुमच्याकडे वापरात राहू दे." कॅमेरा मात्र त्यांनी ठेवून घेतला. त्यात दिनकररावांचा अर्धा उरलेला रोल होता.

लेन्स अडॅप्टर लावूनही त्यांच्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसेना. माणिकरावांनी तिच्या मागच्या कड्याचे, कॅमेऱ्यात अडकणारे दात घासून काढले. लेन्स बसली, शेवाळांचे फोटो उत्तम आले. आपण काही गैर केले असे त्यांच्या मनातही आले नाही. वापर हीच परवानगी, असे ते धरून चालले होते.

नवरात्रात दिनकररावांच्या मुलीचा, रुचाचा फोन आला. "काका, इस बार खंडेनवमीला बाबांच्या कॅमेऱ्याची पूजा करायची आहे. फिर उसी लेन्स से आईचा फोटो काढून रोल पूरा करूँगी. घेऊन या ना!"

घासलेली लेन्स त्या कॅमेऱ्यावर आता कधीच बसणार नव्हती. माणिकराव शहरभर हिंडले आणि निशातगंजच्या एका जुन्या दुकानात तंतोतंत तशीच लेन्स त्यांना मिळाली. फोटो नीट येईल, मुलीला आनंद होईल, नुकसान कोणाचेच नाही. हा युक्तिवाद त्यांनी स्वतःला इतक्यांदा ऐकवला, की तो खोटा आहे हे त्यांना कळून चुकले. तरीही निघताना त्यांनी दोन्ही लेन्स पिशवीत टाकल्या.

वसुधाबाईंकडे पाटावर सुरी, कात्री, दिनकररावांचे सूक्ष्मदर्शक आणि कॅमेरा मांडला होता. दुकानातली लेन्स कॅमेऱ्यावर चटकन बसली. रुचा हसली. "देखा आई? काकांनी किती जपलीय!"

"ह्यांचा हात सगळ्यात जास्त या लेन्सवरच असायचा," वसुधाबाई म्हणाल्या. त्यांनी झेंडूचे फूल पुढे केले. "तुम्हीच वाहा, भाऊजी."

फूल हातातच राहिले. मृत माणसाच्या नावाने परक्या वस्तूला नमस्कार करवून घेणे हे फसवणुकीच्याही पलीकडचे होते. माणिकरावांनी पिशवीतून दुसरी लेन्स काढून पाटावर ठेवली.

"दिनकरची ही आहे. माझ्या कॅमेऱ्यावर बसावी म्हणून मी हिचे दात घासले. ती दुकानातली."

रुचाने लेन्स उचलून कड्यावरून बोट फिरवले. "मतलब, ही अब लगेगी ही नहीं?"

"नाही."

"और आप मुझे दूसरी पकड़ा रहे थे."



वसुधाबाईंनी विचारले, "घासलेलं काही ठेवलंय का?"

"भुकटी होती, वहिनी. फुंकून टाकली."

"विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझं ते हो म्हणणंसुद्धा तुम्ही घासून टाकलंत."

रुचाने कॅमेऱ्यावरची लेन्स काढून बाजूला ठेवली. फोटो काढला नाही. रोल तसाच राहिला. वसुधाबाईंनी दिनकररावांच्या लेन्सला हळदकुंकू लावले, फूल वाहिले आणि निघताना तीच माणिकरावांच्या हातात दिली.

"वहिनी, ही नको. ही मी कशी नेऊ?"

"न्या. आता तुमच्याखेरीज ती कुठे बसणार?"