कोटात न मावलेलं पोट

लढाई संपली आणि फौजेनं जलीलला ब्रह्मदेशातून थेट जळकोटला आणून सोडलं. इथं सकाळी बिगुल वाजत नाही, बायकोच उठवते, हे त्याला पचायला जरा वेळच लागला.

सुटलेल्या शिपायांना हुन्नर शिकवायची सरकारी सोय होती. शिकताना दरमहा पैशांचा वजिफा, शिकून झाल्यावर शिवणाचं मशीन. अट एकच : वर्षभरात दुकान चालताना दिसलं पाहिजे, नाहीतर मशीन परत. आणि मग मेव्हण्याच्या अडतीवर पोती उचलायची!

जलीलनं शिंपीकाम शिकून दुकान टाकलं. हात सफाईदार, तरी एकदा आलेलं गिऱ्हाईक फिरून येईना. शेवटी किराणावाले कल्याणप्पा नवा कोट अंगात घालूनच आले. म्हणजे छाती कोटात होती, पोट बाहेर.

"जलीलमियाँ, पोरीचं लगीन तोंडावर आलंय. ह्ये काय शिवलंस?"

"मापानंच शिवलंय, आप्पा. तुमी उभं ऱ्हायलाव तसं."

"तू 'सावधान' म्हून वरडलास! म्या भिऊन पोट आत वढलं. आता अक्षता पडंस्तोवर दम कोंडून ऱ्हाऊ व्हय?"

"फौजेत समदे तसंच ऱ्हात्यात."

"फौजेत पोट असतंय का कुणाला?"

पडद्याआड त्याच्या बायकोला, मैमुनाला, हसू आवरेना. जलीलनं डोळे वटारले. जपानी घाबरले असतील, मैमुना नाही.

"अवो, आप्पांना च्या पाजा. शेंगांचा भाव इचारा. मग माप घ्या."

भावाचं नाव निघताच कल्याणप्पा उठून हातवारे करत व्यापाऱ्यांना शिव्या देऊ लागले. पोट आपसूक जागेवर आलं. जलीलनं हळूच टेप फिरवली. शिवणीत जादा कापडाची माया सोडलेली होती, म्हणून कोट वाचला.

लग्नात तो कोट साऱ्यांनी निरखून पाहिला आणि दुकानात माणसं येऊ लागली. वर्षअखेरीस तपासणीचा कारकून आला, तेव्हा ओट्यावर चौघं कपबशा घेऊन भांडत होते.

"हे शिंप्याचं दुकान आहे की हॉटेल?"

"मापं चाललीत, साहेब," कल्याणप्पा म्हणाले. "बसा, तुमचाबी नंबर लागंल."

कारकुनानं टांगलेले कपडे पाहिले, शेरा मारला आणि जाताना स्वतःच्या पायजम्याचं कापडही ठेवून गेला.

मशीन घरचं झालं. मैमुनानं पेटीतून छिटाचा तुकडा काढून पुढं टाकला.

"माझं झंपर शिवा."

"जनानी कपडे आमाला शिकवलं न्हाईत."

"मग म्या शिकिवते की. बसा हितं. वजिफा मात्र मिळायचा न्हाय."