मेजरबाईंनी खाली ठेवलेली सुई

मेजरबाई कुणाच्याही तोंडी उत्तरावर विश्वास ठेवत नसत. मूळच्या साताऱ्याच्या, लष्करी रुग्णालयात परिचारिका म्हणून मेजरपर्यंत पोचून निवृत्त झालेल्या. दिल्लीत द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत लसीकरण असलं की टेबलावर त्याच. सेक्रेटरी चढ्ढाजी म्हणाले, "सब ठीक है, मॅडम," तर उत्तर यायचं, "ठीक तो सभी होते हैं. दवाई की पर्ची दिखाओ."

त्या वर्षी सोसायटीत कांजिण्या पसरल्या, म्हणून कमिटीने मोठ्यांसाठीही लस आणली. माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, वर्षापूर्वी माझी किडनी बसवली होती. शरीराने ती नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या रोज चालू. हे त्याने सगळ्यांपासून लपवलं होतं. "लोक पेशंट म्हणून बघतात यार." फॉर्म चढ्ढाजींच्या हातात जाणार, म्हणून मी 'नियमित औषधे: नाही' असं लिहून टाकलं. ताकद कमी, तर लस आधी हवी, एवढंच माझं गणित.

श्रीकांत बाही वर करून बसला. मेजरबाईंनी सुई भरली. तेवढ्यात त्याच्या फोनचा नऊच्या गोळ्यांचा गजर वाजला. त्याने झटकन बंद केला.

"कशाचा?"

"मीटिंग."

"रविवारी?"

सुई ट्रेमध्ये गेली. रांगेतून कुणी ओरडलं, "जल्दी करो, आंटी!" त्यांनी मानही वळवली नाही. माझ्याकडे बघत राहिल्या.

"किडनी बदललीय," मी हळूच म्हणाले.

त्यांनी आम्हाला जिन्यात नेलं. "या लशीत जिवंत विषाणू असतो, कमजोर केलेला. तुझं-माझं शरीर त्याला आवरतं. याच्या अंगात वाढला तर? फॉर्म कुणी भरला?"

"मी."

"किडनी दिलीस आणि एक ओळ लिहवेना?"

मला राग आला. "मग याने लसच घ्यायची नाही?"

"असं कुठं म्हणाले? फ्लूची सुई, न्यूमोनियाची सुई, त्यांत जिवंत काही नसतं. त्याच्या डॉक्टरांना विचारून त्या घ्यायच्या. तुला कांजिण्या झाल्यात?"

"नाही."

"गोळ्या?"

"काही नाहीत. खरंच."

"मग तू घे, म्हणजे तुझ्याकडून याला लागण व्हायची नाही. नंतर पुरळ उठलं, तर याच्यापासून लांब राहायचं आणि डॉक्टरांना लगेच कळवायचं."

श्रीकांत लस न घेता का उठला, असं चढ्ढाजींनी विचारलं. "बुखार है इनको," मेजरबाई म्हणाल्या. मी ऐकलेलं त्यांचं हे एकच खोटं.

गेल्या हिवाळ्यात मेजरबाई गेल्या. क्लबहाउसमधल्या शोकसभेत श्रीकांत अचानक उभा राहिला. "चढ्ढाजी, उस दिन मुझे बुखार नहीं था. मेरी किडनी बदली हुई है."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मग मीही उठले.

"फॉर्म मैंने भरा था," मी म्हणाले.