तिसऱ्या सिलेंडरची वायर

भेडाघाटजवळच्या आमच्या शहरात, गोरखपूर मोहल्ल्यातल्या आमच्या घरात देव्हारा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. बाबा अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं छापायचे, मी ती बाजारातल्या कमानिया गेटपाशी वाटायचे. ‘पुरावा दाखवा’ हे मी पाढ्यांच्या आधी शिकले. तेव्हा लिंबू-मिरचीवाल्यांनी पुढचं वाचून टाळ्या पिटू नयेत. मी अजूनही त्यांच्यात नाही.

मी विमान चालवायला शिकत होते. छोटं विमान, चार सिलेंडरचं इंजिन. समोरच्या मॉनिटरवर प्रत्येक सिलेंडरच्या धुराचं तापमान एकेका उभ्या पट्टीने दिसतं. त्या सकाळी तिसरी पट्टी रिकामीच होती. शेजारी बसलेले आमचे प्रशिक्षक वानखडे सर म्हणाले, वायर ढिली असेल, बाकी सगळं ठीक आहे, चलो.

उडून भेडाघाटच्या वर आलो आणि तिसरी पट्टी उगवली. बरं वाटलं... मग ती हलायला लागली. सावकाश वर, सावकाश खाली. झोपलेल्या माणसाची छाती हलावी तशी. इंजिनाचा आवाज मात्र एकसारखा.

प्रत्येक सिलेंडरला दोन स्पार्क प्लग असतात. मी आधी एका बाजूचे बंद करून पाहिले, मग दुसऱ्या. दोन्ही वेळा चारही पट्ट्या हव्या तशा चढल्या, म्हणजे प्लग ठीक. तिसरी तरीही हलतच होती. असं हलणं म्हणजे धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह जळतोय, हे आम्हाला वर्गात शिकवलेलं. तो तुटला तर इंजिन जाणार... आणि खाली संगमरवराचे कडे आणि नर्मदा.

“सर, परत जाऊ.”

“काहून घाबरून राहिली? वायर आहे ती. इंजिन बघ, किती मस्त चालून राहिलं.”

“ढिली वायर झटके देते, सर. अशी लयीत हलत नाही.”

सर पट्टीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “वळव.”

आमच्या डुमना विमानतळाची धावपट्टी दिसेपर्यंत मी उतरायला जागा म्हणून खालची शेतं शोधत होते.

उतरल्यावर मेकॅनिक पटेल भैयांनी इंजिनाचं झाकण काढलं आणि गोंधळून आमच्याकडे पाहिलं. “तीन नंबर का सेंसर तो कल ही निकाल लिया था, दीदी. नया आया नहीं.”

सेन्सरच्या जागी बूच होतं. मोकळी वायर गुंडाळून बांधलेली, कशालाच न जोडलेली.

सिलेंडर उघडला. व्हॉल्व्हची कड जळून कुणी घास घ्यावा तशी तुटली होती.

बाजूच्या वायरचा सिग्नल घुसला म्हणावं, तर बाकी तिन्ही पट्ट्या स्थिर होत्या. मॉनिटरच्या मेमरीत तिसरा रकाना पूर्ण कोरा निघाला. पण आम्ही दोघांनी पाहिलंय! दुसऱ्या दिवशी सरांनी विमानाला झेंडूची माळ घातली. म्हणाले, आता तरी मानशील? मी म्हटलं, व्हॉल्व्ह मानते.

बाबा पत्रकांच्या घड्या घालत ऐकत होते. म्हणाले, “लिही. पण कारण सापडलं असं लिहू नको.”

नाही सापडलं. नवा व्हॉल्व्ह आणि नवा सेन्सर बसलाय, तिसरी पट्टी आता स्थिर असते. तरी उड्डाणभर माझी नजर तिच्यावरच असते... आता ती फक्त वायरमधून येईल तेवढंच सांगते.