दहापैकी आठ

करेक्शन सर लग्नपत्रिका वाचत नसत, तपासत. दारव्ह्यात कुणाच्या घरी कार्य निघालं आणि पत्रिकेवर हौसेनं दोन ओळी इंग्रजीत छापल्या, की सरांची लाल शाई तिला लागलीच म्हणून समजा. ते लग्नाला जात, पोटभर जेवत, आहेर करत आणि निघताना ती पत्रिका मुलीच्या बापाच्या हातात परत देत. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

विदर्भ मुंबई राज्यात गेल्यावर वर्षभरानं मी तिथल्या शाळेत गणित शिकवायला लागलो. सरांची आणि माझी खुर्ची शेजारी होती. "इंग्रजी ही घरची लेक नाही, पाहुणी आहे. तिच्यापुढे गबाळेपणा चालत नाही," असं ते म्हणत. बाजारात रहीमभाईच्या दुकानावर 'हिअर सायकल इज रिपेअरिंग' अशी पाटी होती. सर रोज तिथे उभे राहून विचारत, "इथे सायकलच दुरुस्ती करते का?" एक दिवस रहीमभाई वैतागला. "मास्तरसाब, लोकायले समजते ना? पंक्चर घेऊन येतेतच ना?" सर म्हणाले, "समजणं वेगळं, बरोबर असणं वेगळं." शेवटी त्यानं पाटीच उतरवून ठेवली.

शाळेत रजेचे अर्ज इंग्रजीत द्यावे लागत आणि ते आधी सरांकडून तपासून घ्यायची रीत पडली होती. चित्रकलेच्या मास्तरांची आई गेली, तेव्हा त्यांचा अर्ज सरांनी दोनदा परत केला. लोक 'माय मदर इज एक्सपायर्ड' लिहितात, तसंच त्यांनी लिहिलं होतं. तिसऱ्यांदा अर्ज बिनचूक झाला, पण दुपारची मोटार निघून गेली आणि त्यांना आईचं तोंड दिसलं नाही. सर हळहळले. हळहळले, पण आपलं काही चुकलं असं त्यांना वाटल्याचं दिसलं नाही. मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता. तो मी गिळला.

त्यांची एकुलती एक मुलगी सुमन. मॅट्रिक झाली आणि बोरी अरबला एका खात्यापित्या घरी दिली. पाठवणीच्या वेळी बाकीचे बाप रडतात, सरांनी अभ्यासक्रम आखून दिला. दर पंधरवड्याला सर एक धडा नेमून देणार, सुमननं त्यावर इंग्रजीत दहा वाक्यं लिहून पाठवायची, सर तपासून, मार्क देऊन परत पाठवणार. सासरी तिचं मराठी पत्र सासऱ्यानं वाचल्याशिवाय टपालात पडत नसे. इंग्रजी तिथे कुणालाच येत नव्हतं. 'बापाचा अभ्यास' म्हणून ते पाकीट तेवढं कुणी अडवत नसे.

दुसऱ्या वर्षी सरांनी कर्मणी प्रयोगाचा धडा नेमून दिला. उत्तर आलं ते सरांनी शाळेतच वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवून तपासलं. मला रोज मारलं जातं. मला कोठीत कोंडलं जातं. चार दिवसांपासून मला जेवण दिलं जात नाही. मला इथून नेलं जावं. अशी दहा वाक्यं. सरांनी लाल शाईनं एक चूक दुरुस्त केली आणि कौतुकानं कागद माझ्यापुढे सरकवला. व्याकरणाच्या पुस्तकात नाहीतरी कुणाला तरी मारलेलं, कोंडलेलं असतंच. मी म्हणालो, "सर, 'चार दिवसांपासून'साठी तिनं 'सिन्स' लिहिलंय. तिथे 'फॉर' हवं ना?" सर खूश झाले. "शाब्बास गणितवाले!" त्यांनी तीही चूक दुरुस्त केली, दहापैकी आठ मार्क दिले आणि खाली मराठीत शेरा मारला, 'छान. पण वाक्यांत विविधता हवी.' त्याच संध्याकाळी कागद टपालात पडला.

आठवड्याच्या आत तीच दहा वाक्यं परत आली. सगळ्या दुरुस्त्या केलेली, स्वच्छ अक्षरातली. सर लाल पेन उघडून बसले. वरपासून खालपर्यंत काढायला एक चूक सापडेना, म्हणून त्यांनी ते पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं. "चला," एवढंच म्हणाले. वह्या तशाच टाकून आम्ही बोरी अरबची मोटार पकडली.

घरासमोर माणसं बसलेली होती. सासरा उठून व्याह्यांपुढे आला. "ताप होता, इवाई. काल गेली. सांगाले माणूस धाडला होता, भेटला नाही काय तुमाले?"

सर मला घेऊन थेट फौजदारांकडे गेले आणि पत्राचा अर्थ वाक्या-वाक्यानं मराठीत सांगितला. फौजदारांनी सासऱ्याला बोलावून घेतलं. त्यानं सुमनच्या पेटीतून आधीचा कागद आणला होता. तो टेबलावर पसरून म्हणाला, "साहेब, हा तं यायनंच देल्लेला अभ्यास आहे. मार्कबी देल्ले, पाहा."

फौजदारांनी लाल शेरा वाचला. "मास्तर, हे अक्षर तुमचंच?"

"माझंच," सर म्हणाले.

फौजदारांनी कागद घडी करून सासऱ्याला परत दिला. त्यातला तो 'फॉर' मी सुचवला होता, हे सांगायला मी तोंड उघडलं नाही. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.