देवरावमामाच्या टाळ्या

आमच्या देवरावमामाला तबल्यातलं सगळं कळत होतं, फक्त तबला त्यानं कधी वाजवला नाही. हे मी थट्टेनं सांगते खरी, पण सांगताना अजून जीव तुटतो.

मामा मुकुटबनचा. तरुणपणी डफडं असं वाजवायचा की वरातीतले म्हातारेही पाय हलवायचे. छप्पन साली वस्तीनं धम्म घेतला आणि दुसऱ्यांच्या दारी वाजवायला जाणं बंद केलं. मामानं आपलं डफडं स्वतःच्या हातानं जाळलं. त्याबद्दल त्याची कधी तक्रार नव्हती. पण माझी आजी, मानीबाई, तेवढ्यावर थांबली नाही. आजोबा लग्नात दिवसभर वाजवून जेवणासाठी गोठ्यापाशी ताटकळत बसायचे, ते तिनं पाहिलं होतं. ती म्हणाली, "आजपासून चामड्याले हात लावशीन, त तुले माही आन हाय."

मामा हो म्हणाला. बोटं मात्र ऐकेनात. ताटाची कड, बैलबंडीचं लाकूड, कुठंही चालायची. आजीनं पाहिलं की तो हात मांडीखाली दाबून बसायचा.

एकसष्टच्या सुमारास पांढरकवड्याच्या बाजारात त्याची बशीरभाईंशी गाठ पडली. त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं आणि कव्वालीत ते तबल्याला बसत. मामानं विचारलं, "हात न लावता शिकवसान का?"

बशीरभाई खूप हसले, पण शिकवलं. मात्रा म्हणजे काय, सम कुठं येते, बोल तोंडानं कसे म्हणायचे. तीनतालात तीन जागी टाळी आणि एका जागी खाली. खालीवर टाळी द्यायची नाही, हात नुसता मोकळा सोडायचा. मामा नेमका तिथंच चुकायचा. डफड्याची बारीक काडी मधली जागा रिकामी राहू देत नाही, हाताला सवयच ती. टाळी वाजली रे वाजली की बशीरभाई पाना आपटायचे. "अरे, खालीत ताल चालूच रायते बाप्पा! फक्त वाजवाचं नसते!"

हळूहळू जमलं. आपण वरातीत वाजवत होतो त्याला केरवा म्हणतात, हे कळल्यावर मामा दिवसभर खुशीत होता. बशीरभाईंनी तबला पुढं सरकवला, तेव्हा मात्र त्यानं हात मागं घेतले.

एका जयंतीला वस्तीत तबला आला, पण वाजवणारा तापानं पडला. सगळे म्हणाले, देवराव, बस. आजी समोरच होती. मामा उभ्यानंच बोल म्हणत टाळ्या देऊ लागला आणि बायांनी त्यावर गाणी म्हटली.

आजीनं विचारलं, "हा हात मधातच मोकळा काहून सोडतो रे?"

"तिथं वाजवाचं नसते, माय."

 घरी आल्यावर आजी मला म्हणाली, "त्यानं एकडाव इचारलं, त मी आन सोडवीन."

मी धावत जाऊन मामाला सांगितलं. तो म्हणाला, "इचारून तिले तो गोठा पुन्हा कायले दाखवू?"

दोघांचाही मला भयंकर राग आला. तो विचारत नव्हता आणि ती आपणहून बोलत नव्हती. त्याच वर्षी हिवाळ्यात आजी गेली.

वर्ष उलटल्यावर मी म्हटलं, "मामा, आता तरी वाजव. आजी सोडवणारच होती."

मामाची बोटं गुडघ्यावर चालत होती. ती थांबली.

"जिची आन, तिनंच सोडवाची असते बाई. आता कोनाले इचारू?"