मागे केलेला हात

मंजी गेल्याची बातमी ऐकल्यावर माझ्या तोंडून जे पहिलं वाक्य निघालं, ते लिहायला हात धजत नाही. पण ते लपवलं तर पुढच्या एकाही शब्दावर कुणी विश्वास ठेवू नये, म्हणून लिहिते. गणपतीचे दिवस होते. आमच्या वसईकडच्या नंदाखाल गावातल्या वाडीतल्या जास्वंदीच्या कळ्यांना त्या दिवसांत दादरला मोठी मागणी असते. सकाळी मंजीची मुलगी कमल फाटकापाशी आली आणि नेहमीप्रमाणे बाहेरच उभी राहिली. "टीचर, आई गेली. पहाटे," ती म्हणाली. आणि मी म्हणाले, "अगं बाई... मग आज कळ्या कोण खुडणार?" कमल रडत नव्हती. "ते तुम्ही बघा. आम्ही अकरा वाजता नेतोय," म्हणाली आणि वळून निघून गेली. मी फाटक धरून उभी राहिले. पंचवीस वर्षं शाळेत मुलांना बोलावं कसं ते शिकवलेली बाई मी!

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. असे लेख मी खूप वाचलेत. त्यात गेलेल्या माणसाचे गुण सांगतात आणि लिहिणारा हळूच स्वतःचा मोठेपणाही सांगून घेतो. मला ती सोय नाही. मंजीबद्दल खरं लिहायचं तर माझं काय काय चुकलं तेच लिहावं लागतं, आणि ते थोडंथोडकं नाही.

मंजी वारली समाजातली. तिची आई आमच्या वाडीत शिंपणाला यायची, तिच्या कडेवर बसून मंजी आली आणि मग राहिलीच. माझ्याहून एखाद-दोन वर्षांनी मोठी असेल. माझ्या बाप्तिस्म्याची नोंद चर्चच्या वहीत आहे, तिचा जन्म कुणी कुठे लिहून ठेवला नाही. आम्ही एकाच विहिरीचं पाणी प्यालो, एकाच चिंचेखाली खेळलो. मग मी दप्तर घेऊन शाळेत जायला लागले आणि ती कळशी घेऊन केळीत. त्याचं ना मला काही वाटलं, ना आमच्या घरात कुणाला. बाबा मोठ्या अभिमानाने सांगायचे, की आमच्या घरात गड्यामाणसावर कधी हात उगारला जात नाही. खरंच नव्हता उगारला जात. हात उगारावा लागेल असं मंजीने कधी काही केलंच नाही. तुम्ही काम सांगायला तोंड उघडलं, की वाक्य पुरं व्हायच्या आत तिचं "होय" यायचं. मान जराशी खाली, नजर तुमच्या पायांवर. न्हाणीवरून मी हातपाय धुऊन आले की मागे न बघता हात मागे करायची, आणि मंजीकडून पंचा हातात पडायचा. मला कुणी तसं शिकवलं नव्हतं. आय तशी करायची, मीही करायला लागले. पुढे शिक्षिका झाले, लग्न केलं नाही, आयबाबा गेले, वाडी माझ्या गळ्यात पडली... हात तसाच मागे जात राहिला आणि पंचा येत राहिला.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. तेव्हा मला वाचनाचं वेड लागलं होतं. ग्रंथालयातून गुलामगिरीवरच्या कथा-कादंबऱ्या आणून मी एकामागून एक वाचत होते. माणसाचा स्वभाव रक्तात असतो की तो घरात, अंगणात, मारात आणि लाडात घडतो, हा प्रश्न मला झोपू देत नव्हता. ओसरीवर बसून, एका गुलाम आईची ताटातूट वाचताना मी पदराने डोळे पुसायची आणि पुसता पुसता हाक मारायची, "मंजी, चहा टाक गं." दिव्याखाली अंधार म्हणतात तो आणखी कसा असतो!

त्या वाचनातून मी नाटक लिहिलं. आमच्याकडे नाताळच्या आठवड्यात चर्चच्या पटांगणावर गावोगावच्या मंडळींची नाट्यस्पर्धा व्हायची, त्यासाठी. वसईच्या किल्ल्यात फिरंग्यांच्या घरी समुद्रापलीकडून आणलेले गुलाम राबत, त्यांच्यावर बेतलेलं. एका वाड्यात वाढलेल्या दोन मुली, मालकाची बियात्रीस आणि गुलामाची कातू. "रोप तेच असतं, वाफा वेगळा," हे कातूच्या तोंडचं वाक्य, आणि त्यावर माझा फार जीव. कातू मी हुबेहूब उतरवली होती. वाक्य संपायच्या आत "होय", जराशी झुकलेली मान, पायांवर खिळलेली नजर. नाटक बसवणारे अंतोनसर म्हणाले, "बाय, हे निरीक्षण कुठून आणलंत?" मी म्हणाले, "वाचनातून." हे बोलताना मला जराही अडखळायला झालं नाही. बियात्रीस मात्र मी मनानेच रचली होती. तिच्या हातात चाबूक, बोलण्यात विष, डोळ्यांत आग.

तालमी आमच्या ओसरीवर संध्याकाळी व्हायच्या. मंजी चहा घेऊन यायची आणि कप गोळा होईपर्यंत खांबाला टेकून उभी राहायची. एका संध्याकाळी बियात्रीसचं काम करणारी मुलगी, आगाशीला बँकेत होती ती, तापाने आली नाही. अंतोनसर गमतीत म्हणाले, "मंजी, तू उभी राहा गं तिच्या जागी, नुसती उभी राहा." सगळे हसले. मंजीने किटली खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि खुर्चीवर येऊन बसली. आमच्या घरात ती खुर्चीवर बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. सरांनी तिच्या हातात चाबूक दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "ह्यो कशाला, सर? याची गरज नाय पडत," ती म्हणाली.

मग तिने काम केलं. रोज खांबापाशी उभं राहून अख्खं नाटक तिचं पाठ झालं होतं. आवाज चढवला नाही, डोळे वटारले नाहीत. कातूकडे तिने एकदाही पाहिलं नाही. कातू जणू हवा होती, असेल तर असेल. मधेच उठली, हात धुतल्यासारखं केलं आणि मागे न बघता हात मागे केला. कातूचं काम करणाऱ्या फिलूला काही कळेना, कारण नाटकात तसं नव्हतंच. हात तसाच. मग मंजी, अजूनही मागे न बघता, अगदी थकलेल्या, लाडक्या सुरात म्हणाली, "अगं, हात दुखला की माझा." फिलू फस्सकन हसली. "अगदी बाय!" म्हणाली आणि जीभ चावली. मग सगळेच हसले, टाळ्या वाजल्या. मीही हसले. कान मात्र तापले होते. तो सूर माझा होता, तो खांदा माझा होता. मी तिची मान तेवढी पाहिली होती, तिने मला नखशिखांत पाहिलं होतं. आणि तिने दाखवलेली बाई क्रूर नव्हती. चांगली होती, मवाळ होती. माझा चाबूक मी कशासाठी लिहिला होता ते मला त्या क्षणी कळलं. मालकीण अशी राक्षसीण केली की वाचणाऱ्याला आणि लिहिणारीलाही आपलं तोंड त्यात दिसत नाही.

सगळे म्हणू लागले, हिलाच काम द्या. अंतोनसर तर हट्टालाच पेटले. त्या संध्याकाळी कप विसळताना मंजी गुणगुणत होती. एवढ्या वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी मी तिला विहिरीपाशी गाठून सांगितलं, "मंजी, काम छान केलंस हो, पण परीक्षक शिकलेले असतात. तुझं 'पानी' आणि 'कोन' तिथे चालायचं..." "होय," ती म्हणाली. माझं 'नाही' अजून तोंडातच होतं. सरांना मी वेगळंच सांगितलं, की तिलाच संकोच वाटतोय. सरांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि विषय सोडून दिला. आमच्या घरातल्या, वसईच्या ख्रिस्ती लोकांच्या कुपारी बोलीचे उच्चार तरी परीक्षकांच्या पुस्तकात कुठे होते? त्या ओसरीवर निम्मी मंडळी घरी तसंच बोलणारी. पण मला उच्चारांचं काही नव्हतंच. शेकडो माणसांसमोर माझा हात असा मागे जाताना मला पाहायचा नव्हता.

आणि तरी तो गेलाच, मीच तो घातला. चाबूक काढला, बँकेतल्या मुलीला तो हात शिकवला, ते वाक्य शिकवलं. मंजीच्या डोळ्यांदेखत शिकवलं. प्रयोगाच्या दिवशी मंजी पडद्यामागे चहाच्या पातेल्यापाशी होती. पुढून नाटक बघायचं असं तिने एकदा म्हटलं होतं, ते मी ऐकलं न ऐकलंसं केलं. आमचा पहिला नंबर आला. परीक्षक म्हणाले, गुलामाइतकाच मालकही परिस्थितीने घडतो हे मागे केलेल्या त्या एका हाताने दाखवलं, लेखिकेची नजर फार सूक्ष्म आहे. मी मान लववून चषक घेतला. तो अजून कपाटावर आहे. दर शनिवारी मंजी तो पुसायची. कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, गुडघे टेकून मी फादरना रागावल्याचं, चर्चमधली रविवारची मिस्सा चुकवल्याचं, शेजारणीचा हेवा केल्याचं सगळं सांगत आले. हे कधी सांगितलं नाही. पाप म्हणून ते माझ्या यादीतच नव्हतं, आणि जेव्हा आलं तेव्हा तोंड उघडेना. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण... ही ओळ वर्गात शिकवतानाही मी पुस्तकातून डोळे वर केले नाहीत.

ती जायच्या आधीच्या रविवारी मिस्सा आटोपून मी तिच्या खोपीवर गेले. चार दिवस ती कामाला आली नव्हती, ताप होता. निम्मी मी कळ्यांची चौकशी करायला गेले होते, हेही सांगून टाकते. पण निम्मी खरंच सांगायला गेले होते, की मंजी, त्या नाटकाचं मी तुझ्याशी वाईट केलं. वाटेत वाक्य घोकत गेले, वर्गात पाठ म्हणायला निघालेल्या मुलीसारखी. ओहोळाच्या कडेने गेल्यामुळे पाय चिखलाने भरले होते. दाराशी पिंप होतं. मी पाय धुतले, हात धुतले. आत मंजी चटईवर पडलेली मला दिसत होती. मी वाक्य मनात जुळवत होते आणि... हात मागे गेला. माझ्या नकळत गेला. तापाने फणफणलेली ती बाई उठली, भिंत धरत आली आणि पदराआडचं एक धुतलेलं फडकं तिने माझ्या हातात दिलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. घोकलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. "पडून राहा गं," एवढं म्हणाले. ती म्हणाली, "सोमवारपासून येते, बाय." सोमवारी आली नाही, मंगळवारीही आली नाही, आणि बुधवारी कमल फाटकाशी उभी होती.

बारा-तेरा दिवसांनी मी पुन्हा त्या खोपीवर गेले. कमल सातिवलीच्या कंपनीतून नुकतीच आली होती, पॅकिंगला आहे ती तिथे. माझ्याच शाळेत दहावीपर्यंत शिकली, पण आमच्या वाडीत तिने कधी पाऊल टाकलं नाही. मुलगी शिष्ट आहे असं मी चारचौघांत बोलतही आले. त्या दिवशी तसं तिला विचारलं. ती म्हणाली, "मला आईची सक्त ताकीद होती. बोलायची, शाळेत जा, कंपनीत जा, बायच्या वाडीत नको. तिथे एकदा उभं राहायला शिकलीस, तर मग कुठे बसता येनार नाय." शेवटचे शब्द तिने आईच्याच सुरात म्हटले. मी शंभर पानं लिहून जे सिद्ध करायला निघाले होते, त्यावर या बाईने आपल्या मुलीचं आयुष्य उभं केलं होतं, आणि मी तिला उच्चार शिकवत होते.

मग कमल म्हणाली, "तुमचं नाटक मला पाठ आहे, टीचर. आई घरी करून दाखवायची. आम्ही पोट धरून हसायचो." मला राहवलं नाही, मी विचारलं, "कातूचं काम कसं करायची गं?" "कातूचं नाही करायची. फक्त मालकिणीचं. बोलायची, ते तर मी रोज करते, घरी तरी नको."

मला तिथे रडू आलं असतं तर बरं झालं असतं. नाही आलं. "येते," म्हणाले आणि ओहोळाच्या कडेने परत आले. कमल दाराशी बसून होती, ती उठली नाही, आणि मला ते फार बरं वाटलं.

आता न्हाणीच्या भिंतीवर मी एक खिळा ठोकून घेतला आहे. पंचा तिथे लटकतो, उजव्या हाताला, डोळ्यांसमोर. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे गेली ती, आणि खोड माझी तशीच आहे. रोज सकाळी तोंड धुते आणि हात मागे जातो. थोडा वेळ तसाच राहतो. त्यात काही पडत नाही. मग मला वळून बघावं लागतं... ती तिथे उभी असताना मी एकदाही वळले नव्हते.